पारख आणि पुरावा : कलापारखींच्या ग्रंथांचे एक वाचन

मराठी समीक्षेच्या परिभाषेत सराफकट्ट्यावरून आलेले शब्द बरेच आहेत. 'कस', 'कसोटी', 'पारख', 'बावनकशी', 'हिणकस' हे शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की त्यांच्यामागचा मूळ व्यवहार आपल्या लक्षातही राहत नाही. कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासले की रेघ उमटते. ही रेघ पहिल्या सराफाइतकीच शेजारच्या दुकानातल्या दुसऱ्या सराफालाही वाचता येते आणि पहिल्याचा निर्णय त्याला खोडून काढता येतो. अलाउद्दीन खिलजीच्या पदरी असलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'रत्नपरीक्षा' आणि 'द्रव्यपरीक्षा' असे दोन ग्रंथ रचले. त्यांतल्या दुसऱ्या ग्रंथात कोणत्या नाण्यात कोणता धातू किती, याची मापे दिली आहेत. 'हे नाणे उत्तम आहे' एवढे सांगून फेरू थांबत नाही. तो वजन सांगतो. परीक्षक चुकला तर तो कुठे चुकला हे दाखवता यावे, अशी सोय या व्यवहारातच केलेली असते.

हे शब्द समीक्षेत आले तेव्हा ही सोय मात्र मागे राहिली, असे मला वाटते. कवितेचा 'कस' लागला असे आपण म्हणतो; पण रेघ कुठे उमटली ते सांगत नाही. बा. सी. मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) सौंदर्यविधानाच्या तार्किक स्वरूपाची जी चर्चा मराठीत झाली, ती कोणत्याही भाषेला अभिमान वाटावा अशी आहे. परंतु ती प्रायः 'ही कृती सुंदर आहे' या विधानाभोवती फिरली. 'ही कृती अमुकाची आहे' हे दुसरे विधान आपण पाठचिकित्सकांच्या हवाली केले आणि त्याला काहीसे कारकुनी समजून बाजूला ठेवले. युरोपीय कलेतिहासात याच्या उलट घडले. तिथे कर्तृत्वनिर्णय हा पारखीचा केंद्रीय प्रश्न ठरला आणि त्याभोवती ग्रंथांची एक मोठी परंपरा उभी राहिली. साहित्याच्या अभ्यासकांनी हे ग्रंथ चित्रकलेच्या माहितीसाठी वाचू नयेत असे नाही. पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की, डोळ्याने दिलेली साक्ष कधी पुरावा ठरते आणि कधी नुसती अधिसत्ता ठरते, हा आपलाही प्रश्न त्यांत उघडपणे लढवला गेला आहे.

जोव्हान्नी मोरेल्ली (१८१६–१८९१) याचे नाव मराठी वाचकाला माहीत असलेच तर ते बहुधा कार्लो गिन्झबुर्गच्या १९७९ मधील प्रसिद्ध निबंधामुळे. मोरेल्लीने म्युनिकमध्ये वैद्यक आणि तौलनिक शरीररचनाशास्त्र यांचे शिक्षण घेतले होते. पुढे तो इटलीच्या सिनेटचा सदस्य झाला. १८७४ पासून त्याने एका जर्मन कलाविषयक नियतकालिकात इटालियन चित्रांवर लेख लिहिले. तेही 'इव्हान लेर्मोलिएफ' या एका काल्पनिक रशियन गृहस्थाच्या नावाने. त्या लेखांचा जर्मन अनुवादकही काल्पनिकच. 'लेर्मोलिएफ' या नावात 'मोरेल्ली'ची अक्षरे उलटसुलट करून त्यांना रशियन प्रत्यय जोडलेला आहे. दुसऱ्यांच्या चित्रांवरची खोटी नावे काढून टाकण्यासाठी निघालेल्या माणसाने स्वतः खोटे नाव घ्यावे यात गंमत आहे, आणि मला वाटते थोडे धोरणही आहे. नावाच्या वजनावाचून केवळ युक्तिवादाच्या बळावर आपले म्हणणे टिकते का, हे त्याला पाहायचे असावे.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. चित्रकाराची ओळख त्याच्या चित्रातल्या सर्वांत प्रभावी भागात शोधू नये. मुखावरचा भाव, रचना, डोळ्यांची दिशा या गोष्टी शिष्य आणि नक्कलकार आधी उचलतात. चित्रकाराचे लक्ष जिथे सैल असते तिथे, म्हणजे कानाची पाळी, बोटांची नखे, हाताच्या तळव्याचा फुगवटा अशा ठिकाणी, त्याचा हात सवयीने चालतो आणि तिथेच तो सापडतो. मोरेल्लीच्या ग्रंथांत कानांच्या आणि हातांच्या रेखाकृतींचे तक्ते आहेत. त्या काळच्या रसिकांना ते तक्ते पाहून किळस आली असल्यास नवल नाही. राफाएलच्या मॅडोनासमोर उभे राहून तिचा कान पाहायचा, ही कल्पनाच त्यांना अरसिकपणाची वाटली.

गिन्झबुर्गने मोरेल्लीला शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड यांच्या रांगेत बसवले. त्याला आधारही आहे. 'मोझेस'च्या पुतळ्यावरील १९१४ च्या निबंधात, जो प्रथम लेखकाच्या नावाविनाच प्रसिद्ध झाला होता, फ्रॉइडने मोरेल्लीचे ऋण मान्य केले आहे. परंतु गिन्झबुर्गची मांडणी इतकी मोहक आहे की तिच्यामुळे मोरेल्लीचे प्रत्यक्ष काम झाकले जाते, अशी माझी तक्रार आहे. त्याच्या सर्वांत गाजलेल्या निर्णयाचे उदाहरण घ्या. ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहातील 'निद्रिस्त व्हीनस' हे चित्र त्या वेळी टिशियनच्या हरवलेल्या चित्राची सासोफेर्रातोने केलेली नक्कल म्हणून एका कोपऱ्यात होते. १८८० मध्ये मोरेल्लीने ते जॉर्जोनेचे आहे असे जाहीर केले. ही केवळ कानानखांची किमया नव्हती. मार्कान्तोनियो मिकिएल या व्हेनिसच्या रसिकाने १५२५ च्या सुमारास तिथल्या घराघरांतील चित्रे पाहून टिपणे केली होती. त्यांत जॉर्जोनेच्या अशा एका व्हीनसची नोंद आहे आणि तिचा निसर्गभाग व पायाशी असलेला मदन टिशियनने पुरा केला असेही त्यात म्हटले आहे. ही नोंद मोरेल्लीला ठाऊक होती. (मिकिएलची टिपणे १८०० साली प्रथम छापणाऱ्या संपादकाचे आडनावही मोरेल्लीच होते, तो वेगळा मोरेल्ली.) म्हणजे डोळा आणि दप्तर इथे एकमेकांना साक्ष देत होते. त्या चित्रात जॉर्जोनेचा वाटा किती आणि टिशियनचा किती, याबद्दल अभ्यासक अजून भांडतात. त्यांना भांडता येते, हीच मोरेल्लीची खरी कामगिरी. आपला डोळा काय पाहतो हे त्याने इतक्या बारकाव्याने सांगितले की दुसऱ्याला ते तपासता यावे.

बर्नार्ड बेरेन्सन (१८६५–१९५९) हा स्वतःला मोरेल्लीचा वारस म्हणवणारा. लिथुआनियात एका ज्यू कुटुंबात जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला आणि फ्लॉरेन्सजवळच्या 'इ तात्ती' या वाड्यात आयुष्य काढलेला हा माणूस विसाव्या शतकातील पारखीचे मूर्तिमंत रूप बनला. इटालियन प्रबोधनकाळातील चित्रकारांवरची त्याची चार पुस्तके १८९४ ते १९०७ या काळात निघाली. त्यांतल्या निबंधांपेक्षा मागे जोडलेल्या याद्यांनी जगाचे लक्ष वेधून घेतले. कोणत्या चित्रकाराची कोणती चित्रे कुठे आहेत याच्या त्या याद्या. यादीत तर्क नसतो, कारण नसते. नाव असते किंवा नसते. मोरेल्लीच्या तक्त्यांत जी रेघ दिसत होती ती इथे पुसली गेली आणि नुसता निकाल उरला. १९१२ पासून बेरेन्सनचा जोसेफ ड्युव्हीन या बड्या विक्रेत्याशी गुप्त करार होता आणि विकल्या जाणाऱ्या चित्रांतून त्याला वाटा मिळत होता, हे पुढे उघड झाले. त्या दिवशी त्याच्या याद्यांतले प्रत्येक नाव संशयित ठरले.

बेरेन्सनला भ्रष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती तितकी सोपी नाही. १९३७ मध्ये ड्युव्हीनशी त्याचे संबंध तुटले ते एका चित्रावरून. 'ॲलेन्डेल नेटिव्हिटी' या नावाने ओळखले जाणारे ते चित्र जॉर्जोनेचे म्हणून विकावे असा ड्युव्हीनचा आग्रह होता, आणि बेरेन्सन ते टिशियनच्या तारुण्यातील काम म्हणत होता. मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडून त्याने आपला डोळा राखला. आणि मग आयुष्याच्या अखेरीस त्याने स्वतःच ते चित्र जॉर्जोनेच्या नावावर घातले. या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा? त्याची निष्ठा खरी होती हे निश्चित. पण निष्ठा हा पुरावा नव्हे. आपला डोळा विकला गेलेला नाही हे सिद्ध केल्याने तो बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. आपल्याकडील वाङ्मयीन वादांत समीक्षकाच्या सचोटीची चर्चा त्याच्या युक्तिवादाच्या चर्चेची जागा वारंवार घेते, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

बेरेन्सनचा मला सर्वांत शिकवून जाणारा उद्योग निराळाच आहे. १८९९ मध्ये त्याने बोत्तिचेल्लीच्या आसपासची काही चित्रे एकत्र केली, त्यांत एक समान व्यक्तिमत्त्व त्याला दिसले आणि त्याने एक चित्रकारच निर्माण केला. त्याचे नाव 'आमिको दि सान्द्रो', म्हणजे सान्द्रोचा मित्र. या मित्राला त्याने स्वभाव दिला, विकासक्रम दिला. पुढे ही चित्रे फिलिप्पिनो लिप्पी आणि इतरांच्या नावावर वाटली गेली आणि बेरेन्सनने स्वतःच आपला मानसपुत्र मागे घेतला. मिशेल फूकोने १९६९ च्या 'लेखक म्हणजे काय' या व्याख्यानात संत जेरोमच्या कसोट्यांचा दाखला देऊन लेखक ही वाचनाने उभी केलेली एक कार्यात्मक रचना आहे असे मांडले. गेल्या तीनचार दशकांत मराठीत हे विधान पुष्कळदा उद्धृत झाले, पण बहुधा घोषणेसारखे. 'आमिको'च्या कथेत ते प्रत्यक्ष घडताना दिसते, आणि फूकोच्या अनुयायांना सहसा न रुचणारी आणखी एक गोष्टही दिसते : उभा केलेला कर्ता मोडूनही काढता येतो. रचना असली तरी ती वाटेल तशी करता येत नाही.

माक्स फ्रीडलेंडर हा या परंपरेतला तिसरा. बर्लिनच्या संग्रहालयाचा प्रमुख, नाझी राजवटीमुळे हॉलंडला गेलेला. त्याचे पारखीवरील पुस्तक १९४२ मध्ये इंग्रजीत आले. मोरेल्लीच्या मोजमापावर त्याचा विश्वास नव्हता. पहिल्या दृष्टिक्षेपात होणारे ज्ञान हेच त्याच्या मते खरे, कारणे मागाहून सुचतात. आपल्या आस्वादक समीक्षेला हे फार आवडेल. पण याच सुमारास त्याच देशात काय घडले ते आठवावे. अब्राहम ब्रेडियस या ज्येष्ठ पारखीने १९३७ मध्ये 'एम्माउस' येथील ख्रिस्ताचे एक चित्र व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ते घेतले. १९४५ मध्ये हान व्हान मेखेरेनने ते आपण रंगवले असल्याची कबुली दिली. आज त्या चित्राकडे पाहिले की त्यातले चेहरे तिसाच्या दशकातले दिसतात, चित्रपटातल्यासारखे. ब्रेडियसला ते दिसले नाहीत, कारण तोही त्याच दशकात राहत होता. डोळ्याला काळ असतो. मायकेल बॅक्सन्डॉलने १९७२ मधील आपल्या छोट्या ग्रंथात हेच सत्य उलट बाजूने मांडले : पंधराव्या शतकातला इटालियन व्यापारी पिंपाचे आकारमान नजरेने काढायला शाळेत शिकत होता, आणि तीच नजर घेऊन तो चित्रातील घनाकारांकडे बघत होता. पारख ही देणगी नसून ती एका समाजाने दिलेली तालीम असते. या परंपरेतला एकच ग्रंथ पदव्युत्तर विद्यार्थ्याला वाचायला द्यायचा झाला तर मी बॅक्सन्डॉलचा देईन.

भारतीय चित्रकलेच्या बाबतीत हा झगडा अधिक तीव्रतेने झाला, कारण इथे चित्रावर नाव नसणे हाच नियम होता. आनंद कुमारस्वामी (१८७७–१९४७) हे मुळात भूगर्भशास्त्रज्ञ. सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे प्रमुख होते. मोरेल्लीप्रमाणे तेही निसर्गविज्ञानाकडून कलेकडे आले, ही गोष्ट मला आकस्मिक वाटत नाही; वर्गीकरणाची सवय दोघांना तिथूनच लागलेली. १९१६ मध्ये त्यांचा 'राजपूत पेंटिंग' हा द्विखंडात्मक ग्रंथ निघाला. ज्या चित्रांना तोवर सरसकट मुघल कलेची दुय्यम शाखा मानले जाई, त्यांना त्यांनी स्वतंत्र नाव दिले आणि राजस्थानी व पहाडी असे दोन विभाग केले. मुघल कला दरबारी, ऐहिक, व्यक्तिचित्रात रमणारी. राजपूत कला धार्मिक आणि लोकजीवनाशी जोडलेली, हा त्यांचा भेद आज टिकत नाही. पण त्या भेदाशिवाय ती चित्रे कुणाला दिसलीच नसती. चुकीचे वर्गीकरणही पाहायला शिकवते, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

कुमारस्वामींच्या संग्रहाची कथा प्रसिद्ध आहे. भारतात राष्ट्रीय संग्रहालय उभे राहत असेल तर आपला संग्रह देण्याची त्यांची तयारी होती. प्रतिसाद मिळाला नाही आणि १९१७ मध्ये संग्रह व संग्राहक दोघेही बॉस्टनच्या संग्रहालयात गेले. पुढे त्यांची भूमिका पालटली. कलाकृती प्रदर्शनासाठी नसते, ती वापरासाठी आणि ज्ञानासाठी असते, असे ते १९४३ च्या आपल्या निबंधसंग्रहात सांगतात. हे सांगणारी व्यक्ती त्या वेळी एका मोठ्या संग्रहालयाच्या नोकरीत होती. कुणी याला विसंगती म्हणेल. मला हा संग्राहकाचा स्वतःविरुद्धचा जबाब वाटतो, आणि संग्रहविषयक साहित्यात अशी साक्ष दुर्मीळ आहे. वाल्टर बेन्यामिनचा आपली पुस्तकांची खोकी उघडण्यावरचा १९३१ चा निबंध मनोहर आहे खरा, पण तो संग्राहकाच्या बाजूने लिहिलेला आहे.

पहाडी चित्रांच्या प्रश्नावर यानंतर दोन मोठे प्रयत्न झाले. कार्ल खंडालावाला हे मुंबईचे नामांकित वकील. नानावटी खटल्यात आरोपीच्या बाजूने उभे राहिले ते हेच. १९५८ मधील त्यांचा 'पहाडी मिनिएचर पेंटिंग' हा ग्रंथ वाचताना न्यायालयात बसल्याचा भास होतो. प्रत्येक चित्राला साक्षीदार म्हणून उभे करायचे, त्याची उलटतपासणी घ्यायची, प्रतिपक्षाच्या विधानातली फट दाखवायची. डब्ल्यू. जी. आर्चर हे आय. सी. एस. अधिकारी, पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयाच्या भारतीय विभागाचे प्रमुख. त्यांचा १९७३ चा द्विखंडात्मक ग्रंथ संस्थानवार लावलेला आहे : बसोहली, बिलासपूर, चंबा, गुलेर, कांगडा. जिल्ह्याच्या गॅझेटियरची आठवण व्हावी अशी ती रचना आहे. एकाची पद्धत वकिलाची, दुसऱ्याची प्रशासकाची. पण गृहीतक बहुतांशी एकच. शैलीचे एकक म्हणजे राज्य. राजा बदलला की शैली बदलते. राज्याची सीमा हीच शैलीची सीमा.

या गृहीतकाला धक्का दिला तो ब्रिजिंदर नाथ गोस्वामी यांच्या एका लेखाने. १९६८ मध्ये 'मार्ग' या मुंबईच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. शैलीचा आधार राज्य नसून चित्रकारांचे कुटुंब आहे, असा त्याचा आशय. गोस्वामींनी पुरावा आणला तो हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतून. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये ठेवतात तशा या वह्या. यात्रेकरू येतो, आपले नाव, गाव, जात, पूर्वज लिहून देतो. त्या वह्यांत चित्रकारही आले होते, आणि त्यांच्या नोंदींतून गुलेरच्या पंडित सेऊचे घराणे उभे राहिले : मुलगे माणकू आणि नैनसुख, त्यांचे मुलगे, नातवंडे. आश्रयदाता बळवंतसिंग वारल्यावर १७६३ मध्ये नैनसुख हरिद्वारला गेला, त्या भेटीचीही नोंद वहीत आहे. एकाच घरातली माणसे निरनिराळ्या राज्यांत काम करत होती. मग बसोहलीत सापडलेले चित्र 'बसोहली शैली'चे कसे? ते चित्रकाराने घरून आणलेले असू शकते.

ज्यांनी हा लेख केवळ 'कागदपत्रांचा विजय' म्हणून वाचला त्यांनी तो अर्धाच वाचला, असे मला म्हणावेसे वाटते. वहीत नावे आहेत, चित्रे नाहीत. चित्रांत चित्रे आहेत, बहुतेकदा नावे नाहीत. या दोन काठांमधला पूल डोळ्यानेच बांधावा लागतो. मोजक्या नामांकित कृतींपासून सुरुवात करून, हातांची ओळख पटवत, चित्रसमूह घराण्यातल्या व्यक्तींना जोडायचे हे काम पुढे तीस वर्षे चालले. १९९२ मध्ये एबरहार्ड फिशर यांच्यासह लिहिलेला पहाडी चित्रकारांवरचा ग्रंथ आणि १९९७ चा नैनसुखवरील ग्रंथ ही त्याची फळे. कागदही गप्प बसतो किंवा फसवतो. १७३० च्या 'गीतगोविंद' चित्रमालेच्या समाप्तिश्लोकात माणकूचे नाव आहे. वर्ष शब्दांकांनी दिलेले, उलट क्रमाने वाचायचे. त्या श्लोकातली माणकू ही चित्रे काढवून घेणारी स्त्री की चित्रकार, यावर विद्वानांचे एकमत होत नव्हते. अक्षरे सर्वांसमोर होती. अखेर निर्णय झाला तो वहीतले नाव, श्लोकातले नाव आणि चित्रातला हात ही तिन्ही एकत्र ठेवल्यावर. २०२३ मध्ये गोस्वामी गेले तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्या रसाळ व्याख्यानशैलीची आठवण काढली. या पद्धतीचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या टोपणनावाने लेखमाला लिहिली आणि ज्ञानेश्वरीचा कर्ता व अभंगांचा कर्ता हे दोन निराळे ज्ञानदेव आहेत असे प्रतिपादले. भाषेतला फरक, विठ्ठलाचा उल्लेख असणे-नसणे, गुरुपरंपरा, गाव : त्यांची प्रमाणे मोरेल्लीच्या जातीची आहेत. टोपणनावासकट हे साम्य लक्षणीय आहे. भारद्वाजांना मिळालेली उत्तरे बव्हंशी श्रद्धेच्या अंगाने आली आणि वाद विझला. पण त्यांच्या पद्धतीतला खरा दोष त्या उत्तरांनी दाखवला नाही. मोरेल्लीला चित्रकाराचा कान चित्रकाराच्याच हातचा मिळत होता. अभंगाचा कान कुणाच्या हातचा? पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकारांच्या तोंडून, टाळकऱ्यांच्या वह्यांतून अभंग आला. त्याचे प्रत्यय, संबोधने, पादपूरके, म्हणजे जिथे लक्ष सैल असते त्या सगळ्या जागा, लिहिणाऱ्याने आपल्या सवयीने बदलल्या. ज्ञानेश्वरीची स्थितीही वेगळी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. तेव्हा दोन ज्ञानदेवांची तुलना म्हणून आपण जी करतो ती पुष्कळदा दोन लेखनपरंपरांची तुलना असते. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा किती मिसळला आहे हा प्रश्नही असाच आहे, आणि 'हा अभंग नामदेवांचा वाटत नाही' एवढ्यावर आपण तो अजून सोडवतो.

यावर गोस्वामींचा लेख काही सुचवतो. व्यक्तीचा हात सापडत नसेल तर घराण्याचा शोधावा. तुकारामांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात पंडितद्वयाने सरकारी साहाय्याने संपादित केली तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या त्यांच्यासमोर होत्या. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे निराळा गाथा छापला. या सगळ्या उद्योगात वही हे साधन मानले गेले आणि तिच्या पलीकडचा एकच एक तुकाराम हे साध्य. कडूसच्या वहीचा स्वतःचा हात कसा आहे, तो देहूच्या हातापासून कुठे वेगळा होतो, कोणते अभंग तिने घेतले व कोणते वगळले, म्हणजे त्या वहीकाराने संग्राहक म्हणून काय केले, हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे आपल्याला अजून पुरेसे पटलेले नाही. वहीकार हाही संग्राहकच आहे, आणि संग्राहक निवड करतो.

संग्राहकाबद्दल मराठीत लिहिले गेले ते बहुधा गौरवपर. दिनकर केळकर यांनी, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाने, अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे यांचा संग्रह उभा केला आणि दिवंगत मुलाच्या नावाने तो महाराष्ट्राला दिला. या कथेतील करुणेने आपण इतके भारून जातो की, त्याने काय घेतले नाही हे विचारत नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने १९१५ मध्ये सेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह घेतला. त्यात नाना फडणिसांच्या संग्रहातल्या वस्तूही आल्या. पेशवाईतला कारभारी चित्रे गोळा करत होता तेव्हा त्याची नजर कशाने घडली होती? बॅक्सन्डॉलचा प्रश्न इथे नेमका लागू पडतो आणि पुण्याच्या दप्तरखान्यात त्याला उत्तरे असण्याचा संभव आहे. तिथे जाणारे इतिहासाचे विद्यार्थी मोहिमा शोधतात. साहित्याचे विद्यार्थी जातच नाहीत.

संग्रहाची हिंसाही विसरू नये. पहाडी चित्रमाला या पोथ्या होत्या. मागे श्लोक, पुढे चित्र, क्रमांक. विक्रेत्यांनी त्या सुटी पाने करून विकल्या, आणि आज एकाच 'गीतगोविंदा'ची पाने लाहोर, चंदीगड व इतरत्र विखुरलेली आहेत. सुट्या पानाला किंमत जास्त येते. संकलनग्रंथात गाथेबाहेर काढलेला अभंग जास्त 'काव्यात्म' वाटतो, त्याची यंत्रणा फारशी वेगळी नाही. संशोधनाच्या काळात एका ग्रंथालयात मला खंडालावालांचा ग्रंथ बऱ्याच खटपटीनंतर कुलुपबंद कपाटातून मिळाला. आतली काही रंगीत चित्रे कुणीतरी पात्याने सफाईने कापून नेली होती. निवड चांगली होती, हे कबूल करायला हवे. कापणाऱ्याला पारख होती.

गेली काही वर्षे मी एम. ए.च्या वर्गात एक प्रयोग करतो. आय. ए. रिचर्ड्‌सने आपल्या १९२९ च्या पुस्तकासाठी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता दिल्या होत्या. मी अभंगांतली नाममुद्रा झाकून देतो आणि कर्ता ओळखायला सांगतो. कारण लिहिलेच पाहिजे अशी अट असते. बहुतेक उत्तरे ठरलेली येतात : रोखठोक तो तुकाराम, हळवा तो नामदेव, दृष्टान्त आला की ज्ञानदेव. म्हणजे मुखावरचा भाव पाहून दिलेले निकाल. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने भावाबद्दल काहीच लिहिले नाही. 'गा', 'बापा', 'कां रे' अशी संबोधने तिने मोजली होती आणि तिचा तक्ता उत्तरपत्रिकेला जोडला होता. निष्कर्ष चुकला. का चुकला ते शोधायला आम्ही दोघे बसलो, तेव्हा तिने वापरलेल्या छापील आवृत्तीत आणि माझ्याजवळच्या आवृत्तीत त्याच अभंगातली दोन संबोधने वेगळी निघाली. तिने विचारले, 'सर, मग यातलं कवीचं कुठलं आणि छापणाऱ्याचं कुठलं?' तो तक्ता मी ठेवून घेतला आहे. दोन्ही आवृत्त्या पुढे ठेवून आम्ही तो पुन्हा भरतो आहोत.